उन्हाळी, काढे आणि सुया: मूत्राशयाच्या संसर्गाकडे चिनी वैद्यक कसं बघतं

लघवीला आग, दर दहा मिनिटांनी बाथरूमकडे धाव, गेल्यावर जेमतेम चार थेंब आणि ओटीपोटात कळ. घरातली म्हातारी माणसं याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात, डॉक्टर यूटीआय म्हणतात. साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. बहुतेकींचं तीन-पाच दिवसांच्या गोळ्यांनी भागतं आणि विषय संपतो. खरा वैताग असतो तो ज्यांना हे पुन्हापुन्हा होतं त्यांना. दर दोन-तीन महिन्यांनी तीच आग, तेच लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध चालतं याची तपासणी) आणि आधीच्यापेक्षा जरा ‘भारी’ अँटिबायोटिक. अशा बायका मग दुसरीकडे बघायला लागतात. आधी धन्या-जिऱ्याचं पाणी होतं, मग कुणी सांगितलेल्या आयुर्वेदिक गोळ्या, आणि हल्ली ऑनलाइन मिळणाऱ्या चिनी काढ्याच्या गोळ्या किंवा गल्लीतल्या ॲक्युपंक्चरवाल्याची पाटी.

माझं मत आधीच सांगून टाकते. संसर्ग अंगावर असताना नुसत्या काढ्याच्या भरवशावर बसू नये. दोन संसर्गांच्या मधल्या काळाबद्दल मात्र चिनी वैद्यकाकडे ऐकण्यासारखं काही आहे. आणि लघवीच्या त्रासावरच्या चिनी औषधांत एक वनस्पती अशी शिरली होती, की तिच्या कुळाने कित्येकांची मूत्रपिंडं निकामी केली आणि कॅन्सर दिले. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, त्यामुळे तिला खाली जास्त जागा दिली आहे.

जंतू करतो काय

मूत्राशयाच्या साध्या संसर्गात दहातल्या सात-आठ वेळा ई. कोलाय हाच जंतू सापडतो. तो आपल्याच आतड्यात गुण्यागोविंदाने राहत असतो. तिथून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो आणि वर चढतो. बाईचा मूत्रमार्ग असतो चार सेंटिमीटरच्या आसपास, पुरुषाचा त्याच्या चार-पाच पट. एवढ्या छोट्या रस्त्यामुळे बायकांना हा त्रास जास्त. ‘स्वच्छता पाळत नसशील’ असं म्हणून बाईलाच बोल लावायची आपल्याकडे खोड आहे, ती सोडलेली बरी. नीट स्वच्छता ठेवणाऱ्यांनाही हे होतं.

लघवीच्या धारेबरोबर वाहून जाऊ नये म्हणून या जंतूच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. गोखरूचं काटेरी फळ साडीच्या काठाला धरतं तसं तंतूच्या टोकाचं प्रथिन मूत्राशयाच्या अस्तराला धरून बसतं. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की काही जंतू अस्तराच्या पेशींच्या आत शिरून दडी मारतात आणि औषधाचा कोर्स संपल्यावर पुन्हा बाहेर येतात. काही जणींचा त्रास वरचेवर का उलटतो, याचं हे एक उत्तर असू शकतं. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर डॉक्टर त्याला ‘पुन्हापुन्हा होणारा’ म्हणतात.

यावर आधुनिक उपचार सरळ आहेत: पाच दिवस नायट्रोफ्युरँटॉइन, किंवा फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची एकच पुडी. घोडं अडतं ते जंतूंनी औषधांना दाद न देण्यापाशी. नॉरफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही औषधं वर्षानुवर्षं मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मागून घेतली गेली आणि आज कल्चरच्या रिपोर्टात त्यांच्यापुढे ‘रेझिस्टंट’ छापून येतं. चीनमध्येही हीच रड आहे. म्हणूनच तिथल्या मोठ्या दवाखान्यांत जुन्या काढ्यांवर नव्याने संशोधन चालतं.

मूत्राशयात उष्णता, मूत्रपिंड दुबळं

जुन्या चिनी वैद्यांना जंतू माहीत नव्हता, सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांना दिसत होती ती लक्षणं: थेंबथेंब, आग, कळ, गढूळपणा, रक्त. या सगळ्याला त्यांनी ‘लिन’ असं एकच नाव दिलं. इ.स. ६१० मध्ये चीनच्या ‘सुई’ नावाच्या राजवटीचे दरबारी वैद्य छाओ युआनफांग यांच्या देखरेखीखाली रोगांच्या कारणांवर एक मोठा ग्रंथ तयार झाला. त्यात लिनचं कारण एका वाक्यात दिलंय: मूत्रपिंड दुबळं असतं आणि मूत्राशयात उष्णता असते. चौदाशे वर्षं झाली, चिनी वैद्यकाचे विद्यार्थी आजही हे वाक्य पाठ करतात.

या वाक्याचे दोन तुकडे वेगळे करून बघा. ‘मूत्राशयात उष्णता’ म्हणजे आत्ताचा, तापलेला, आग होणारा हल्ला. ‘मूत्रपिंड दुबळं’ म्हणजे हा हल्ला जिथे पुन्हापुन्हा होतो ती जमीन. उपचारही त्याप्रमाणे दोन प्रकारचे. हल्ला चालू असताना उष्णता काढायची, लघवी वाहती करायची. हल्ला ओसरला की जमीन सुधारायची. यातलं ‘मूत्रपिंड’ शब्दशः घेऊ नका. चिनी वैद्यकात तो कमरेतला अवयव तर आहेच, पण शरीराची मूळ ताकद, वाढ, प्रजनन, हाडं, म्हातारपण असा सगळा पसारा त्याच्या नावावर आहे. त्यामुळे एखाद्या चिनी वैद्याने ‘तुमचं मूत्रपिंड कमजोर आहे’ म्हटलं, तर लगेच रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की हे वाढतं) वाढलं असेल अशी धास्ती घ्यायचं कारण नाही. उलटंही तितकंच खरं. नाडी बघून ‘मूत्रपिंड उत्तम’ म्हणाले, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये.

पुढच्या वैद्यांनी लिनचे सहा प्रकार धरले. उष्णतेचा लिन म्हणजे आपला नेहमीचा, आग होणारा संसर्ग. खड्यांचा वेगळा, रक्त जाणारा वेगळा. लघवी साय धरल्यासारखी गढूळ होते तो चौथा. ओटीपोट तटतटून लघवी अडखळते, तो चिडचिडीशी आणि दाबून धरलेल्या रागाशी जोडलेला पाचवा. आणि सहावा थकव्याचा: महिनोन्महिने येत-जात राहणारा, जरा दगदग झाली की उलटणारा. ज्यांना वर्षात चार वेळा त्रास होतो त्या बायका हा सहावा प्रकार वाचून म्हणतात, ‘हे माझंच वर्णन आहे.’ चिनी वैद्यकाचं आकर्षण बरंचसं इथे आहे. दहा मिनिटांच्या ओपीडीत जे कुणी विचारत नाही, ते इथे निदानाचा भाग आहे.

आयुर्वेदातलं मूत्रकृच्छ्र, म्हणजे लघवी त्रासाने होण्याचा विकार, ज्यांनी वाचलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. पण दोन्हींना सरसकट एकाच दावणीला बांधू नये. गोखरूचंच घ्या. आपल्याकडे गोखरू म्हटलं की लघवीचं औषध. चिनी वैद्य तेच फळ डोकेदुखी, डोळ्यांची लाली आणि अंगाची खाज यांवर वापरतात. वनस्पती एक, पण दोन परंपरांनी तिला दोन वेगळ्या कामांना लावलं. त्यामुळे ‘हजारो वर्षांचा अनुभव’ हा पुरावा म्हणून पुढे करताना कुणाचा अनुभव, हेही विचारावं लागतं.

ओपीडीत आणि काढ्याच्या भांड्यात

चीनमधल्या पारंपरिक वैद्यकाच्या सरकारी दवाखान्यात अशी रुग्ण गेली तर काय होतं? डॉक्टर दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघतात. जीभ बाहेर काढायला सांगतात. तिचा रंग, तिच्यावरचा थर, कडेला दातांचे वण हे सगळं नोंदलं जातं. (जीभ घासून जाऊ नका असं तिथे आवर्जून सांगतात. सकाळी उठून आधी जीभ साफ करणाऱ्या आपल्यासारख्यांची पंचाईतच.) जीभ लाल, थर पिवळा आणि चिकट, नाडी जलद आणि बोटांखालून घरंगळल्यासारखी असली, की निदान ठरतं: शरीराच्या खालच्या भागात ओल आणि उष्णता साचली आहे. आणि त्याच टेबलावर लघवीच्या तपासणीची चिठ्ठीही लिहिली जाते. हे आपल्याकडे फारसं माहीत नाही. चीनमध्ये दोन्ही वैद्यकं एकाच इमारतीत नांदतात, आणि ताप-थंडी भरलेल्या बाईला तिथे नुसता काढा देऊन घरी पाठवत नाहीत.

ओल-उष्णतेवरचा सगळ्यात प्रसिद्ध योग, म्हणजे औषधांचं ठरलेलं मिश्रण, आहे बा चंग सान. तो आला सोंग राजवटीच्या सरकारी औषधशाळेच्या संग्रहातून, म्हणजे त्याला आठ-नऊशे वर्षं झाली. त्यातले घटक बघा, अर्धे तर ओळखीचे निघतील. शंखजिरं, म्हणजे रांगोळीवाल्याकडे मिळतं तेच खनिज. ज्येष्ठमध. रेवाचिनी, जी पोट साफ करते. अनंताची वाळलेली फळं. आपल्या कुंडीतला दुहेरी पाकळ्यांचा अनंत सहसा फळ धरत नाही, एकेरी पाकळ्यांचा धरतो. इसबगोलाच्या जवळच्या नात्यातल्या एका वनस्पतीचं बी. डायँथस या बागेतल्या फुलझाडाच्या कुळातली एक वनस्पती आणि वाटेच्या कडेला उगवणारं एक रानटी गवतासारखं झुडूप. सोबत एका लव्हाळ्याचा पांढरा गाभा, ज्याच्या तिकडे पूर्वी दिव्यात वाती करत. आणि आठवी मू थोंग नावाची वेल, तिच्याकडे येतेच.

काढा करायची रीतही ठरलेली आहे. मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्यायचं, लोखंडाचं नको. औषधं आधी भिजत घालायची, मग दोनदा पाणी घालून दोनदा उकळायची, दोन्ही वेळचं पाणी एकत्र करून सकाळ-संध्याकाळ प्यायचं. इसबगोलाच्या नात्यातलं ते बारीक बी आणि शंखजिऱ्याची पूड फडक्यात पुरचुंडी बांधून टाकायची. नाहीतर बी फुगून बुळबुळीत होतं, तळाला लागतं आणि पूड घशात खवखवते. रेवाचिनी शेवटी टाकायची, कारण जास्त उकळली तर तिचा रेचक गुण कमी होतो. हल्ली इतकी उस्तवार कुणी करत नाही. दवाखान्यातच मशीनवर काढा करून प्लास्टिकच्या पाऊचमध्ये सीलबंद देतात, किंवा पाण्यात विरघळणारे दाणे देतात.

हा थंड, वाहवणारा, पोट मोकळं करणारा योग आहे. खुद्द चिनी वैद्यच सांगतात की तो गरोदर बाईला देऊ नये, अशक्त माणसाला देऊ नये आणि लांबवू नये. आग थांबली की बंद. वरचेवर त्रास होणाऱ्यांसाठी औषधं वेगळी असतात. कंबर दुखते, रात्री घाम येतो, जीभ लाल आणि कोरडी, तर एक वाट. चेहरा फिका, सतत थकवा, जेवणावर वासना नाही, तर दुसरी. म्हणजे एकाच ई. कोलायच्या दोन रुग्णांना दोन वेगळे काढे मिळतात. ‘यूटीआयसाठी चिनी औषध’ असं लेबल लावून सगळ्यांना एकच गोळी विकणारा दुकानदार त्या शास्त्राशीही इमान राखत नसतो.

मू थोंगची गोष्ट

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममधल्या ब्रुसेल्सच्या डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. तरुण, एरवी धडधाकट बायकांची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी होत होती. सगळ्या जणी वजन कमी करण्याच्या एकाच क्लिनिकमध्ये गेल्या होत्या आणि तिथल्या कॅप्सूलमध्ये चिनी वनस्पतींची भर नुकतीच पडली होती. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झालं, पुढे अशा रुग्णांची संख्या शंभराच्या वर गेली. कारण सापडलं ते असं: ‘फांग ची’ नावाने दोन वेगळ्या वनस्पती बाजारात होत्या. हवी होती एक, पुडीत आली दुसरी, ॲरिस्टोलोकिया कुळातली. या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंडातल्या नलिकांची नासधूस करून तिथे वण तयार करतं, आणि औषध बंद केलं तरी नुकसान भरून येत नाही.

त्यापुढचा भाग आणखी वाईट. मूत्रपिंडं गेलेल्या ३९ रुग्णांनी ती आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढून टाकल्या. तपासलं तर त्यातल्या १८ जणांत मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतच्या लघवीच्या वाटेच्या अस्तराचा कॅन्सर आढळला. हे २००० साली छापून आलं. हे आम्ल पेशीच्या डीएनएला चिकटतं आणि तिथे ठरावीक प्रकारचा बिघाड करतं, इतका ठरावीक की गाठीचा डीएनए वाचून कॅन्सर कशामुळे झाला ते ओळखता येतं. ॲरिस्टोलोकियाची औषधं पिढ्यान्‌पिढ्या घेतल्या जाणाऱ्या तैवानमध्ये या वाटेच्या वरच्या भागाचे, म्हणजे मूत्रपिंड-मूत्रवाहिन्यांच्या अस्तराचे, कॅन्सर फार आढळत. तिथल्या रुग्णांच्या गाठींतही हाच ठसा सापडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या वनस्पतींना माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. तंबाखू त्याच गटात आहे.

आता याचा मूत्राशयाशी संबंध काय? बा चंग सानमधली ती आठवी वेल, मू थोंग. जुन्या ग्रंथांतली मू थोंग म्हणजे अकेबिया नावाची वेल, तिच्यात हे आम्ल नाही. पण विसाव्या शतकात चीनच्या ईशान्येकडून येणारी स्वस्त आणि मुबलक अशी ‘क्वान मू थोंग’ बाजारात पसरली, आणि ती होती ॲरिस्टोलोकिया. नाव तेच, काप दिसायला सारखे, भावही परवडणारा. ती सरकारी औषधिकोशातही शिरली आणि लघवीची आग थांबवण्याच्या योगांत बिनदिक्कत पडू लागली. ज्या अवयवांना बरं करायचं त्यांनाच ती पोखरत होती, आणि तेही इतक्या सावकाश की घेणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. चीन सरकारने २००३ मध्ये तिचा परवाना काढून घेतला. २००५च्या औषधिकोशात अकेबिया परत आली.

‘नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार’ हे वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही. क्वान मू थोंग शंभर टक्के नैसर्गिक होती. प्रश्न वनस्पती की रसायन हा नसतोच. प्रश्न असतो पुडीत नेमकी कोणती वनस्पती आहे, आणि ते कुणी तपासलंय. हे संकट नुसतं चीनचंही नाही. आपल्याकडची ईश्वरी नावाची वेल याच ॲरिस्टोलोकिया कुळातली आहे आणि पारंपरिक औषधांत ती वापरली जात आली आहे. झाडपाल्याचं औषध देणाऱ्याला तिच्याबद्दल जरूर विचारा.

पुरावा किती, आणि कशाचा

पुरावे गोळा करून तोलणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये पुन्हापुन्हा होणाऱ्या संसर्गावरच्या चिनी काढ्यांचा आढावा घेतला. निकषांत बसणारे सात अभ्यास मिळाले, त्यांत मिळून ५४२ बायका. निष्कर्ष असा की काढा एकटा किंवा अँटिबायोटिकच्या जोडीने घेतल्यावर फायदा होत असावा, संसर्ग उलटण्याचं प्रमाण कमी दिसतं. लगेच पुढचं वाक्य असं की अभ्यास छोटे आहेत, दर्जा कमी आहे आणि निकाल एका बाजूला झुकण्याचा धोका मोठा आहे. हे दुसरं वाक्य जाहिरातीत कधी येत नाही.

दर्जा कमी म्हणजे काय, ते जरा सोडवून सांगते. चांगल्या चाचणीत रुग्णाला आपण खरं औषध घेतोय की खोटं हे कळता कामा नये. कडू, उग्र वासाच्या काढ्याची हुबेहूब खोटी नक्कल करणं महाकठीण. शिवाय बऱ्याच चिनी अभ्यासांत ‘बरे झाले’, ‘खूप फरक’ आणि ‘थोडा फरक’ हे तिन्ही एकत्र मोजून ‘परिणामकारक’ म्हणतात, त्यामुळे आकडा फुगतो. आणि साधा संसर्ग काही जणींत औषधाशिवायही आठवड्याभरात मिटतो. तुलनेला दुसरा गट नसेल, तर त्याचं श्रेय काढा घेऊन जातो.

आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकते. काढा पिणारी बाई रोज दोन मोठे वाडगे गरम पाणी जास्त पीत असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कमी पाणी पिणाऱ्या आणि वरचेवर संसर्ग होणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं होतं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. निव्वळ पाण्याचा हा परिणाम! मग काढ्याच्या यशात वनस्पतीचा वाटा किती आणि भांड्यातल्या पाण्याचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय बोलणं अवघड आहे.

प्रयोगशाळेतले पुरावे जास्त चमकदार आहेत, पण तिथेही सांभाळून. चिनी योगांतल्या ह्वांग बाय या सालीत बर्बेरीन असतं, आपल्या दारुहळदीतही असतं. बर्बेरीनमुळे ई. कोलायच्या अंगावरचे ते चिकट तंतू कमी होतात, हे काचेच्या बशीत १९८८ सालीच दाखवलं गेलं. मात्र तोंडाने घेतलेलं बर्बेरीन आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं. बशीत टाकलं तेवढं मूत्राशयापर्यंत पोचतं का, हाच कळीचा प्रश्न आहे. जुन्या काढ्यातून खरंखुरं औषध निघू शकतं, यात शंका नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तसंच निघालं आणि ते शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण त्यासाठी वनस्पतीतलं नेमकं द्रव्य वेगळं काढून, मात्रा ठरवून, माणसांवर तपासावं लागलं. मूत्राशयाच्या काढ्यांचं अजून तसं झालेलं नाही.

सुयांचं काय

ॲक्युपंक्चरचा पुरावा छोटा आहे, पण काढ्यापेक्षा स्वच्छ आहे आणि गंमत म्हणजे तो नॉर्वेतून आला. १९९८ च्या अभ्यासात वरचेवर त्रास होणाऱ्या ६७ बायकांचे तीन गट केले: खऱ्या सुया, भलत्या जागी वरवर टोचलेल्या खोट्या सुया आणि काहीच नाही. सहा महिने संसर्गाशिवाय गेलेल्या बायका पहिल्या गटात ८५ टक्के, दुसऱ्यात ५८, तिसऱ्यात ३६. २००२ मध्ये ९८ बायकांवरच्या दुसऱ्या अभ्यासात सुया घेतलेल्यांचं प्रमाण ७३ टक्के आणि न घेतलेल्यांचं ५२ टक्के आलं. सुया ओटीपोटावर, कमरेवर आणि घोट्याच्या आसपासच्या बिंदूंवर दिल्या जात होत्या. लक्षात घ्या, खोट्या सुयांनीही बराच फरक पडला होता. कुणीतरी आठवड्यातून दोनदा शांतपणे आपल्याकडे लक्ष देतं, याचाही त्यात हात असावा. तरी ८५ आणि ५८ मधलं अंतर डोळ्यांआड करण्यासारखं नाही. हे सगळं संसर्ग टाळण्यासाठी. चालू संसर्ग सुयांनी बरा होतो, असा अर्थ यातून काढू नका.

सुयांच्या बाबतीत महाराष्ट्रात एक सोय आहे. १९३८ साली सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा तिकडे जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि ही विद्या भारतात रुजली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये तिच्यासाठी कायदा केला, त्याखाली परिषद आहे आणि नोंदणीही आहे. तेव्हा पाटी बघून आत शिरण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा, आणि सुया तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाल्या पाहिजेत. काढ्यांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे चिनी पद्धत शिकलेला, जबाबदारी घेणारा माणूस सापडणं मुश्कील, आणि ऑनलाइन आलेल्या डबीवरची चिनी अक्षरं वाचणार कोण?

मग करायचं काय

आग सुरू झाली की पहिलं काम लघवीचा नमुना. अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जायच्या आधी, मधल्या धारेचा, निर्जंतुक डबीत. आधी गोळी घेतली तर कल्चरमध्ये बऱ्याचदा काही उगवत नाही आणि पुढे सगळा अंधारात दगड. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांच्या खाली दुखणं, उलट्या यांपैकी काही असेल तर संसर्ग वर मूत्रपिंडाकडे निघालाय असं समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर बाई, लहान मूल, पुरुष, मधुमेही आणि लघवीची नळी लावलेला रुग्ण यांच्या बाबतीत घरगुती प्रयोग नकोतच.

वरचेवर होत असेल तर चिनी दुकानाआधी करण्यासारख्या चार गोष्टी आहेत, आणि त्यांचा पुरावा काढ्यापेक्षा भक्कम आहे. पाण्याचं वर सांगितलंच. पाळी गेलेल्या बायकांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने फरक पडतो. संकोचापायी हे औषध डॉक्टरही सुचवत नाहीत आणि बायकाही विचारत नाहीत. मेथेनामाइन नावाचं जुनं, अँटिबायोटिक नसलेलं औषध रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीला उतरतं, असं ब्रिटनमधल्या २४० बायकांवरच्या २०२२च्या चाचणीत दिसलं. क्रॅनबेरीचाही वरचेवर त्रास होणाऱ्या बायकांना काहीसा उपयोग होतो, पण बाजारातला साखरेचा रस म्हणजे क्रॅनबेरी नव्हे.

इतकं करूनही चिनी वाट धरावीशी वाटली तर संसर्ग नसतानाच्या काळात धरा, आणि तुमच्या डॉक्टरांना सांगून. डबीवरच्या घटकांची वनस्पतिशास्त्रीय नावं मागा. ॲरिस्टोलोकिया हे नाव दिसलं तर ती डबी सरळ परत. नुसतं ‘मू थोंग’ किंवा ‘फांग ची’ लिहून पुढे वनस्पतीचं नाव दिलं नसेल, तरीही परत. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, तेव्हा बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. आणि अशा गोळ्या आधीच काही महिने घेऊन झाल्या असतील तर घाबरून न जाता डबी घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि सीरम क्रिएटिनिन व लघवीची साधी तपासणी एकदा करून घ्या. दोन्ही तपासण्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतात आणि रिपोर्ट सहसा त्याच दिवशी हातात येतो.